विद्यार्थ्यांना विचारल्याशिवाय कळत नाही
(पाहणी, गटचर्चा आणि विद्यापीठांच्या विद्यार्थी-सेवा)

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून आनंदाचे वातावरण असते. गुणवंत मुलामुलींचे सत्कार होतात, पेढे वाटले जातात, वह्या-पुस्तकांची मदत दिली जाते. ही मुले पुढे महाविद्यालयात, विद्यापीठात, वसतिगृहात जातात. त्यानंतर मात्र त्यांच्यापैकी काहींची नावे आपल्या कानावर येईनाशी होतात. कोणी पहिल्याच वर्षी गणितात अडकतो, कोणी एक वर्ष सोडतो, कोणी गाजावाजा न करता परत येऊन मिळेल त्या कामाला लागतो. त्याने शिक्षण का सोडले असे विचारले तर प्रत्येकाकडे उत्तर तयार असते. शिक्षक म्हणतात, पाया कच्चा होता. शेजारी म्हणतात, शहराचा वारा लागला. नातेवाईक म्हणतात, घरची परिस्थिती नव्हती. ज्याने शिक्षण सोडले त्याला स्वतःला मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हे जसे वस्तीत होते तसेच विद्यापीठांतही होते. वसतिगृह, ग्रंथालय, शिष्यवृत्ती कक्ष, समुपदेशन केंद्र, उपचारात्मक वर्ग या सर्व सोयींना आपण विद्यार्थी-सेवा म्हणतो. या सेवा कशा असाव्यात हे ठरविणारे लोक बहुधा चांगल्या हेतूचे असतात. परंतु ते विद्यार्थी नसतात. आपण विद्यार्थी होतो तो काळ ते आठवतात आणि त्यावरून आजच्या विद्यार्थ्याची अडचण ठरवितात. या अंदाजाच्या जागी माहिती आणण्यासाठी जगातील विद्यापीठांनी दोन साधने विकसित केली. एक म्हणजे प्रश्नावलीद्वारे केलेली पाहणी आणि दुसरे म्हणजे गटचर्चा. या दोन साधनांची ओळख समाजबांधवांना व विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, ती कशी वापरली जातात, कोठे फसवतात आणि आपल्याला त्यांचा उपयोग काय, हे सांगावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन साधने

पाहणीत अनेकांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने विचारले जातात. उत्तरांची मोजदाद होते. त्यामुळे 'किती' या प्रश्नाचे उत्तर पाहणीतून मिळते. किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली, किती जण रोज दोन तासांहून अधिक प्रवास करतात, कितींनी ग्रंथालयातून एकही पुस्तक घेतले नाही, हे पाहणी सांगते.

गटचर्चेत सहा ते दहा विद्यार्थ्यांना एकत्र बसवून एकाच विषयावर तास-दीड तास बोलते केले जाते. येथे मोजदाद नसते. एकाचे बोलणे ऐकून दुसऱ्याला आपला अनुभव आठवतो आणि तिसरा म्हणतो, माझे तसे झाले नाही. या देवाणघेवाणीतून 'का' आणि 'कसे' या प्रश्नांची उत्तरे मिळतात. पुस्तके घेतली जात नाहीत हे पाहणीतून कळेल; खिडकीवरचा कारकून सर्वांसमोर मोठ्याने जातीचा दाखला मागतो म्हणून मुली तेथे जाण्याचे टाळतात, हे गटचर्चेतच कळेल.

या दुसऱ्या साधनाचा जन्म शिक्षणक्षेत्रात झालेला नाही. १९४१ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील पॉल लाझार्सफेल्ड हे समाजशास्त्रज्ञ रेडिओ कार्यक्रमांचा श्रोत्यांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करीत होते. श्रोत्यांना स्टुडिओत बसवून त्यांच्या हाती दोन बटणे दिलेली असत. कार्यक्रम आवडला तर हिरवे दाबायचे, नावडला तर लाल. लाझार्सफेल्ड यांनी आपले सहकारी रॉबर्ट मर्टन यांना हा प्रयोग पाहण्यास नेले. बटणावरून आवड-नावड कळते, पण कारण कळत नाही. ते कळण्यासाठी श्रोत्यांशी नीट, न सुचविता, मोकळेपणी बोलले पाहिजे, हे मर्टन यांच्या ध्यानात आले. त्यातून जी पद्धत घडली तिच्यावर त्यांनी व पॅट्रिशिया केंडॉल यांनी १९४६ साली लेख लिहिला आणि १९५६ साली त्याचे पुस्तक झाले. पुढे व्यापारी कंपन्यांनी ती साबण विकण्यासाठी उचलली आणि त्यानंतर ती विद्यापीठांत परतली.

पाहणीचा विद्यापीठांतील इतिहासही जाणण्यासारखा आहे. अमेरिकेत १९६६ साली अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांची देशव्यापी पाहणी सुरू केली. १९७३ मध्ये ती लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे गेली. आई-वडिलांचे शिक्षण, शिक्षणाचा खर्च कोठून करणार, पुढे काय व्हायचे आहे, असे प्रश्न तीत असत. इंडियाना विद्यापीठातून २००० सालापासून दुसरी एक पाहणी देशभर सुरू झाली. विद्यापीठ तुम्हाला आवडते का, असे न विचारता तुम्ही शिक्षकांशी वर्गाबाहेर किती वेळा बोललात, सहाध्यायांबरोबर किती वेळा काम केलेत, असे ती विचारते. ब्रिटनमध्ये २००५ पासून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय पाहणी होऊ लागली.

बर्कलेचे उदाहरण

या साधनांचे मोल कळण्यासाठी एक उदाहरण सविस्तर पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कले येथील शाखा नामांकित आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर तेथे युरी ट्राइसमन नावाचे तरुण गणितज्ञ काम करीत होते. अभियांत्रिकी, विज्ञान, वैद्यक यांकडे जाऊ इच्छिणाऱ्यास तेथे पहिल्या वर्षी कॅल्क्युलस हा गणिताचा विषय उत्तीर्ण व्हावा लागे. या विषयात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे असत, असे त्यांना दिसले.

असे का होते, याविषयी प्राध्यापकांचे मत त्यांनी घेतले. उत्तरे मुख्यत्वे चार प्रकारची आली. एक, या मुलांना शिकण्याची ओढ नाही. दोन, शाळेतील तयारी अपुरी आहे. तीन, घरच्यांना शिक्षणाचे महत्त्व वाटत नाही. चार, हा सारा गरिबीचा परिणाम आहे. वाचकांना ही चारही वाक्ये ओळखीची वाटतील. आपल्याकडच्या शिक्षक-खोल्यांतून ती आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो आहोत.

ट्राइसमन तेथेच थांबले असते तर ही चार मते म्हणजेच निष्कर्ष ठरले असते. परंतु प्राध्यापकांना विचारल्यावर प्राध्यापकांच्या समजुती कळतात, विद्यार्थ्यांचे जीवन कळत नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले. सुमारे दीड वर्ष ते व त्यांचे सहकारी या विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर, ग्रंथालयात, घरी जात राहिले. ते कसा अभ्यास करतात हे त्यांनी पाहिले, चित्रित केले, विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या कुटुंबीयांशी ते बोलले.

चारही समजुती टिकल्या नाहीत. मुले मन लावून अभ्यास करीत होती. अनेकजण आपापल्या शाळेत पहिले आलेले होते. आई-वडिलांनी त्यांच्या शिक्षणासाठी लहानपणापासून खस्ता खाल्लेल्या होत्या. सगळेच गरीब नव्हते आणि शाळेतील गुण चांगले असलेलेही येथे मागे पडत होते.

फरक दुसरीकडेच होता. वीसपैकी अठरा कृष्णवर्णीय विद्यार्थी एकटे अभ्यास करीत. शिक्षकाने सांगितले होते की वर्गातील दर तासामागे दोन तास अभ्यास करा. ते प्रामाणिकपणे तेवढाच, म्हणजे आठवड्याला सुमारे ८ तास अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी सुमारे १४ तास देत आणि त्यांतील काही तास मित्रांच्या घोळक्यात जात. तेथे ते एकमेकांच्या वह्या तपासत, चुका दाखवत, अवघड उदाहरणावर वाद घालत. जुन्या परीक्षेत काय आले होते, शिक्षकाला कशी मांडणी हवी असते, आपण नेमके कोठे कच्चे आहोत, हे त्यांना परीक्षेपूर्वीच कळे. एकट्या बसलेल्या मुलाला मात्र ते परीक्षेत नापास झाल्यावरच कळे. आणि उदाहरण सुटले नाही की त्याला वाटे, आपल्यातच काहीतरी कमी आहे. शेजारच्या खोलीतील मुलालाही ते सुटलेले नाही, हे त्याला कधी कळतच नसे.

दुसरीही एक गोष्ट उघड झाली. विद्यापीठाने मागे पडणाऱ्यांसाठी उपचारात्मक वर्ग ठेवलेले होते, पण ज्यांच्यासाठी ते होते ती मुले तिकडे फिरकत नव्हती. शाळेत पहिला आलेला विद्यार्थी स्वतःला 'कच्चा' म्हणवून घेण्यास तयार नव्हता. सेवा उपलब्ध होती. तिच्या दारावरची पाटीच मुलांना परत पाठवीत होती.

या माहितीवरून १९७८ साली बर्कलेत नवी गणित कार्यशाळा सुरू झाली. ती कच्च्या मुलांसाठी आहे असे न म्हणता, पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे असे सांगण्यात आले. नेहमीपेक्षा सोपी नव्हे तर अवघड उदाहरणे देण्यात आली आणि ती लहान गटांत बसून, बोलत, वाद घालत सोडवायची असे ठरले. त्यात भाग घेणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल कार्यशाळेबाहेरील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारले. १९८८ मध्ये ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने हाच मार्ग स्वीकारला व नंतर इतर अनेक ठिकाणी तो गेला. कार्यशाळेत आपणहून येणारे विद्यार्थी मुळातच थोडे अधिक उत्सुक असू शकतात, म्हणून अशी तुलना जपून करावी लागते, हेही येथे नमूद केले पाहिजे. तरीही मुख्य मुद्दा अबाधित राहतो. प्राध्यापकांच्या चार समजुतींवर कार्यक्रम आखला असता तर मुलांना उपदेश, पालकांना उपदेश आणि आणखी काही उपचारात्मक वर्ग एवढेच मिळाले असते.

आपल्याकडील चौकश्या

विचारून, मोजून, मग मागणी करण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य व आदिवासी समाजांच्या शैक्षणिक, आर्थिक व सामाजिक स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या समितीचे सदस्य होते. समितीने इलाख्यात दौरे केले आणि १९३० मध्ये अहवाल दिला. याच कामासाठी बाबासाहेब १९२९ मध्ये खानदेशात गेले असता चाळीसगावी त्यांच्या टांग्याला अपघात झाला व त्यांचा पाय मोडला. अस्पृश्य प्रवाशाला नेण्यास टांगेवाल्याने नकार दिल्यामुळे, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या वस्तीतील माणसालाच लगाम हाती घ्यावा लागला होता. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. माहिती कचेरीत बसून मिळत नाही, ती जेथे आहे तेथे जावे लागते आणि त्याची किंमत द्यावी लागते, याचे याहून ठळक उदाहरण शोधण्याची गरज नाही.

अलीकडील उदाहरण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे आहे. तेथील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २००६ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले, वसतिगृहातील स्थिती पाहिली आणि मे २००७ मध्ये अहवाल दिला. उत्तर देणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्क्यांनी शिक्षकांकडून पुरेसे साह्य मिळत नसल्याचे सांगितले आणि सुमारे ७२ टक्क्यांनी अध्यापनात भेदभाव होत असल्याचे सांगितले. हे आकडे एका संस्थेतील व उत्तर देणाऱ्यांचे आहेत. त्यावरून सर्व देशाविषयी विधान करता येणार नाही. परंतु तोवर जी गोष्ट 'एखाद्याची तक्रार' म्हणून बाजूला सारली जात होती ती आता मांडता येण्याजोगी झाली. अशा संस्थेत समान संधी कार्यालय असावे, अशी शिफारस समितीने केली. पुढे २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणातील समतेविषयी विनियम केले व त्यांत समान संधी कक्षाची तरतूद होती.

याखेरीज केंद्र सरकारची अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणी २०१०-११ पासून होत आहे. तिच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख होती व त्यांत अनुसूचित जातींचे विद्यार्थी सुमारे ६६ लाख होते. ही संख्या मोलाची आहे. पण ती संस्थांनी भरून दिलेली संख्या आहे. विद्यार्थ्याचा आवाज नव्हे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद १९९४ मध्ये स्थापन झाली. तिने २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी-समाधान पाहणी समाविष्ट केली. म्हणजे विद्यार्थ्याला विचारण्याची रीत आता कागदोपत्री आली आहे. ती कशी वापरली जाते, हा खरा प्रश्न आहे.

प्रश्न कसा विचारावा

वाईट प्रश्नाला चांगले उत्तर मिळत नाही. काही नमुने पाहू.

'वसतिगृहातील जेवण व स्वच्छता समाधानकारक आहे काय?' या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. जेवण बरे पण संडास घाण असेल तर विद्यार्थ्याने काय लिहावे? शिवाय 'समाधानकारक' हा शब्द फसवा आहे. ज्याने घरी कमीच पाहिले आहे तो थोड्यात समाधान मानतो. त्याऐवजी, 'गेल्या सात दिवसांत तुमचे जेवण किती वेळा चुकले?' असे विचारावे. त्याचे उत्तर आकड्यात येते आणि त्यावर काही करता येते.

'तुम्हाला शिष्यवृत्ती मिळते काय?' याला बहुतेक जण 'होय' लिहितील व अहवालात सर्व आलबेल दिसेल. 'गेल्या वर्षीची शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात तुमच्या खात्यात जमा झाली आणि तोवर फी व मेसचे पैसे कोठून भरले?' असे विचारले तर सावकार, मावशीचे दागिने, अर्धवेळ काम हे सारे बाहेर येते.

'तुमचे शिक्षक कधी भेदभाव करतात काय?' असे एकदम विचारले तर भीतीने 'नाही' असे उत्तर येते. 'या सत्रात तुम्ही वर्गात किती वेळा प्रश्न विचारला? विचारल्यावर काय झाले?' या प्रश्नातून अधिक कळते.

तसेच 'आमच्या उत्कृष्ट ग्रंथालयाविषयी आपले मत द्या' असा प्रश्न म्हणजे उत्तर आधीच सांगून टाकणे होय.

कोण सुटले ते पाहावे

आकडा वाचताना तो कोणाचा आहे हे आधी पाहावे. समजा, एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला ४०० विद्यार्थी आहेत. १०० जणांनी प्रश्नावली भरली आणि ८० जणांनी 'समाधानी' असे लिहिले. '८० टक्के विद्यार्थी समाधानी' असा फलक लागेल. वस्तुतः समाधानी आहेत असे ठामपणे म्हणता येईल ते ४०० पैकी ८०, म्हणजे २० टक्के. उरलेल्या ३०० जणांचे मत आपल्याला ठाऊकच नाही. ज्यांना संध्याकाळी कामावर जावे लागते, ज्यांच्याकडे मोबाइलचा खर्च निघत नाही, ज्यांना कोणी ऐकेल असा भरवसाच नाही, तेच बहुधा या ३०० मध्ये असतात.

म्हणून जो आला त्याला विचारले, असे न करता हजेरीपटावरून ठराविक अंतराने नावे निवडावीत, उदाहरणार्थ दर चौथे किंवा दर दहावे नाव, आणि त्याच व्यक्तीपर्यंत पुन्हापुन्हा जाऊन उत्तर मिळवावे. अशा रीतीने निवडलेल्या सुमारे ४०० जणांची उत्तरे मिळाली तर मोठ्या विद्यापीठाविषयीही टक्केवारी साधारण पाच इकडे-तिकडे इतक्या अचूकतेने सांगता येते. १०० जणांची मिळाली तर ती दहाच्या आसपास जाते. चिकाटीने मिळवलेली थोडी उत्तरे ही आपणहून आलेल्या हजारो उत्तरांपेक्षा भरवशाची असतात.

आणि सर्वांत मोठी उणीव अशी की, जो शिक्षण सोडून गेला तो हजेरीपटावरच नसतो. चालू विद्यार्थ्यांची पाहणी म्हणजे जे तरले त्यांचीच पाहणी. गळती का होते हे जाणायचे असेल तर गेलेल्यांच्या घरी जावे लागते. हे काम विद्यापीठाला अवघड आहे. वस्तीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते सोपे आहे.

गटचर्चेची शिस्त

गटचर्चा म्हणजे सभा नव्हे आणि तक्रार-निवारणही नव्हे. तिला काही शिस्त लागते. चर्चा चालविणारा एक आणि टिपणे घेणारा एक, अशा दोन व्यक्ती असाव्यात. चालविणाऱ्याने कमी बोलावे. ज्याच्या हाती विद्यार्थ्यांचे गुण, खोली किंवा शिष्यवृत्ती आहे अशी कोणतीही व्यक्ती, म्हणजे शिक्षक, गृहपाल, लिपिक, त्या खोलीत नसावी. मुलींच्या अडचणींसाठी मुलींचा वेगळा गट करावा व तो बाईने चालवावा. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर बसवू नये. धाकटे गप्प बसतात. जो फार बोलतो त्याला थांबवून गप्प बसलेल्याला नावाने विचारावे. एकाच गटावर निष्कर्ष काढू नये. तीन-चार गट घ्यावेत व नवीन काही ऐकू येईनासे झाले म्हणजे थांबावे. आणि 'दहापैकी सात जण म्हणाले' अशी टक्केवारी गटचर्चेवरून कधीही काढू नये. ते पाहणीचे काम आहे.

गुप्तता हा दोन्ही साधनांचा प्राण आहे. नाव न लिहिले म्हणजे गुप्तता राहिली असे होत नाही. एका वर्गात अनुसूचित जमातीची एकच मुलगी असेल आणि अहवालात 'अनुसूचित जमातीच्या एका विद्यार्थिनीने असे सांगितले' असे छापले, तर तिचे नावच छापल्यासारखे आहे. म्हणून फार लहान गटांची उत्तरे वेगळी दाखवू नयेत. दुसरीकडे, जातवार उत्तरे मुळीच वेगळी न काढल्यास सर्वांची सरासरी चांगली दिसते आणि मागे राहिलेला गट त्या सरासरीत बुडून जातो. या दोहोंच्या मधला मार्ग विचारपूर्वक काढावा लागतो.

उत्तरांचे पुढे काय होते

विचारून काहीच न करणे हे न विचारण्यापेक्षा वाईट. पहिल्या वर्षी विद्यार्थी मनापासून लिहितो, दुसऱ्या वर्षी घाईने लिहितो आणि तिसऱ्या वर्षी सगळीकडे एकच खूण करून कागद परत देतो. हा विद्यार्थ्याचा आळस नव्हे. आपल्या शब्दाला किंमत नाही हे तो शिकला आहे. म्हणून चांगल्या ठिकाणी पाहणीनंतर एक छोटे पत्रक लावले जाते. त्यात तुम्ही काय सांगितले, आम्ही काय बदलले, काय बदलू शकलो नाही व का, हे लिहिलेले असते. ग्रंथालय रात्री दोन तास अधिक उघडे ठेवणे, शिष्यवृत्तीच्या अर्जाला मदत करणारा माणूस जुलैतच बसविणे, शेवटच्या बसच्या वेळेनुसार प्रात्यक्षिकाचा तास हलविणे, हे बदल लहान दिसतात. परंतु अनेकदा शिक्षण सुटते ते अशाच लहान गोष्टींमुळे.

आपण काय करावे

विद्यार्थी मित्रांना आमचे सांगणे आहे की, प्रश्नावली हाती आली तर ती टाळू नका. घडलेले तेच लिहा. वाढवून लिहू नका आणि भिऊन कमीही लिहू नका. नाव विचारले असेल तर ते कशासाठी, उत्तरे कोण वाचणार, निष्कर्ष कोठे लागणार, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. गेल्या वर्षीच्या पाहणीवर काय कार्यवाही झाली हेही विचारा. आणि बर्कलेच्या त्या वीस मुलांपासून एवढे घ्या की, एकट्याने झुरत बसू नका. चार-पाच जणांचे अभ्यासमंडळ करा, एकमेकांच्या वह्या तपासा, न सुटलेले उदाहरण उघड्यावर मांडा. त्याला पैसा लागत नाही. आठवड्यातील चार तास आणि बसायला एक खोली लागते.

सभासदांनी ही खोली द्यावी. विहाराचा किंवा समाजमंदिराचा एक कोपरा संध्याकाळी त्यासाठी मोकळा ठेवता येईल. त्याचबरोबर आपल्या वस्तीतील गेल्या पाच वर्षांत महाविद्यालयात गेलेल्या सर्व मुलामुलींची यादी करावी. कोण शिकत आहे, कोणी पूर्ण केले, कोणी सोडले, हे त्यात लिहावे. ज्यांनी सोडले त्यांच्या घरी दोघांनी जावे; दोष देण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. कोणत्या महिन्यात सोडले, त्याआधी काय झाले, कोणती मदत त्या वेळी मिळाली असती तर थांबला असतास, असे तीन प्रश्न पुरेत. वीस घरांची अशी उत्तरे हाती आली की संस्थेची मदत वह्यांवर खर्च करावी, प्रवासावर करावी की फी भरण्याच्या तारखेआधी बिनव्याजी उसनवारीवर करावी, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. आणि महाविद्यालयाच्या प्राचार्यांपुढे जाताना आपल्या हाती तक्रारीऐवजी नावे गाळलेला, आकडे असलेला एक कागद असेल.

सत्कार समारंभात आपण जी नावे घेतो ती पुढे तीन वर्षे ध्यानात ठेवणे आणि त्यांना अधूनमधून 'कसे चालले आहे?' असे खरोखर ऐकण्याच्या तयारीने विचारणे, एवढ्यापासून ही सुरुवात होऊ शकते. या वर्षीची यादी तयार होईल तेव्हा तीत सोडून गेलेल्यांसाठीही एक रकाना असावा, एवढीच आमची सूचना आहे.